जेसनमधला जीएसएम शोधताना: जनरेटेड कॉलम कुठे लावावा, कुठे लावू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल-चादर कारखान्याचं ऑर्डरचं सॉफ्टवेअर तुम्ही सांभाळता. डेटाबेस मायएसक्यूएल ८.०. ऑर्डरच्या ओळींच्या टेबलात 'तपशील' नावाचा एक जेसन कॉलम आहे (जेसन म्हणजे 'नाव-किंमत' अशा जोड्यांत माहिती लिहिण्याची पद्धत) आणि मालाचे सगळे गुणधर्म त्यात जातात. ओळी काही लाखांवर गेल्या, आणि आता '४५० जीएसएम, मरून, ३० बाय ६०' असा शोध घेतला (जीएसएम म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम) की स्क्रीन अडकून बसते. एक सहकारी म्हणतो, जेसन काढून टाका आणि प्रत्येक गुणधर्माला स्वतंत्र कॉलम करा. दुसरा म्हणतो, जनरेटेड कॉलम, म्हणजे डेटाबेस स्वतः भरतो तो कॉलम, लावा. कोणाचं ऐकायचं?

दुसऱ्याचं ऐका, पण सगळ्या गुणधर्मांसाठी नाही. ज्या गुणधर्मांवरून तुम्ही शोधता, जोडता किंवा क्रम लावता, तेवढेच बाहेर काढा. बाकीचे जेसनमध्येच राहू द्या. आणि कॉलम काढण्याआधी आत नक्की काय साठलंय ते तपासा, कारण या कामात वेळ जातो तो तिथेच.

जेसन ठेवण्यात तुमचं काही चुकलेलं नाही. सोलापूरचा माल डोळ्यासमोर आणा. टॉवेलला जीएसएम लागतो, माप लागतं, डझनाचं वजन लागतं. जॅकार्ड चादरीला डिझाइन नंबर आणि रंगांची जोडी लागते. हाच कारखानदार शेजारच्या शेडमध्ये शाळेचे गणवेश शिवून घेत असेल, तर तिथे कॉलर, बाही, साइज आणि शाळेचा लोगो येतो. या सगळ्यांना एकाच टेबलात कॉलम द्यायचे म्हटलं तर चाळीस-पन्नास कॉलम होतील आणि प्रत्येक ओळीत त्यातले बहुतेक रिकामे राहतील. पार्टीने नवा गुणधर्म मागितला की पुन्हा टेबल बदलायचं. म्हणून पहिल्या सहकाऱ्याचा सल्ला इथे बसत नाही. पण जेसनला सरसकट टाकून द्यायची पेटी मानलं तरी त्रास होतो, कारण डेटाबेसला त्या पेटीत काय आहे याचा अंदाज नसतो. प्रत्येक शोधाला तो प्रत्येक ओळीचं जेसन उघडून बघतो.

जनरेटेड कॉलम म्हणजे ज्याची किंमत आपण लिहीत नाही, डेटाबेस त्याच ओळीतल्या दुसऱ्या कॉलमवरून काढतो, असा कॉलम. मायएसक्यूएलमध्ये तो ५.७ पासून आहे, म्हणजे २०१५ पासून. जेसन प्रकारही त्याच आवृत्तीत आला. तुमच्या उदाहरणात कमांड साधारण अशी होईल: ऑल्टर टेबल ऑर्डर_ओळी अ‍ॅड कॉलम जीएसएम स्मॉलइंट जनरेटेड ऑलवेज अ‍ॅज (तपशील ->> '$."जीएसएम"') व्हर्च्युअल. यातला मोठा फायदा वेगाचा नाही. खरी माहिती एकाच जागी राहते, हा फायदा मोठा आहे. जेसनमधला जीएसएम बदलला की कॉलम आपोआप बदलतो. कोणी विसरला, कोणी दुसऱ्या स्क्रिप्टमधून अपडेट केलं, कोणी थेट डेटाबेसमध्ये जाऊन दुरुस्ती केली, तरी दोन्ही किंमती वेगळ्या पडूच शकत नाहीत. हेच काम अ‍ॅप्लिकेशनमधून किंवा ट्रिगर (बदल झाला की आपोआप चालणारा कोड) लिहून करणाऱ्यांना वर्षभराने दोन कॉलमांतला फरक शोधत बसावं लागतं.

आता डेटा तपासण्याबद्दल. कॉलम जोडण्याआधी एक क्वेरी चालवा: प्रत्येक ओळीतल्या जीएसएमवर जेसन_टाइप हे फंक्शन लावा आणि उत्तराप्रमाणे ग्रुप करून मोजा. उत्तरात इंटीजर (पूर्णांक), स्ट्रिंग (मजकूर), डबल (दशांश), नल (किंमत नाही) असे गट दिसतील, आणि जिथे ती 'की', म्हणजे जेसनमधलं त्या गुणधर्माचं नाव, मुळातच नाही तिथे एसक्यूएलचा नल येईल. जुन्या डेटात हे सगळे गट सापडतात. एका स्क्रीनवरून ४५० हा आकडा म्हणून गेलेला असतो, दुसऱ्या स्क्रीनवरून '४५०' असा मजकूर म्हणून, कुणी '450 gsm'च्या धर्तीवर पुढे एकक लिहिलेलं असतं, तर एक्सेलमधून आलेल्या ओळींत रिकामी स्ट्रिंग असते. मजकुरात देवनागरी आकडे आले असतील तर तेही वेगळे काढा; मायएसक्यूएल त्यांना संख्या मानत नाही. किंमतींचे गट दिसले की कशाला काय म्हणायचं ते ठरवता येतं, आणि ते ठरवणं डेटाबेसचं काम नाही. कारखान्यात माल पाठवणाऱ्या माणसाला विचारा. रिकामा जीएसएम म्हणजे 'माहीत नाही' की 'या मालाला लागू नाही', हे त्यालाच ठाऊक असतं.

इथेच नलचा एक बारीक सापळा आहे आणि तो मी पुन्हा पुन्हा पाहतो. जेसनमध्ये एखाद्या कीची किंमत नल असू शकते. तो जेसनचा नल आहे, एसक्यूएलचा नाही. मायएसक्यूएलमध्ये ->> वापरून तो बाहेर काढला की हाती येतो 'नल' हा शब्द, चार इंग्रजी अक्षरांची एक साधी स्ट्रिंग. रंगाचा कॉलम व्हारकॅर (मजकुराचा) असेल तर त्यात ती स्ट्रिंग निमूट जाऊन बसते. मग 'रंग दिलेला नाही अशा ओळी' शोधणाऱ्या इज नल अटीला त्या ओळी सापडत नाहीत आणि अहवालात 'नल' नावाचा एक रंग उगवतो. यावर दोन उपाय आहेत. एक, नलइफ लावून ती स्ट्रिंग खऱ्या नलमध्ये बदलायची. दुसरा आणि माझ्या मते चांगला, ८.०.२१ पासून आलेलं जेसन_व्हॅल्यू हे फंक्शन वापरायचं. ते जेसनच्या नलला एसक्यूएलचा नल देतं, रिटर्निंग लिहून प्रकार सांगता येतो, आणि की नसेल तर काय करायचं, किंमत चुकीची असेल तर काय करायचं, हे वेगवेगळं सांगता येतं.

ती शेवटची सोय विचार करून वापरा. काहीच सांगितलं नाही तर चुकीच्या किंमतीला जेसन_व्हॅल्यू गुपचूप नल देतं. जीएसएमच्या जागी 'जाड' असं लिहिलेली ओळ टेबलात जाईल, पण शोधात कधीच येणार नाही. एरर ऑन एरर लिहिलंत तर तीच ओळ टेबलात जाऊ शकणार नाही आणि ऑर्डर भरणाऱ्याला लगेच कळेल. माझा कल दुसऱ्याकडे आहे, अट एवढीच की आधी जुना डेटा साफ केलेला असावा. ऑर्डर भरताना आलेली चूक तिथल्या तिथे निस्तरते. डिस्पॅचच्या दिवशी कळलेली चूक बांधलेल्या मालाच्या गाठी उघडायला लावते.

अवतरण चिन्हांचा प्रश्न नवख्यांना हमखास अडवतो. -> आणि ->> या दोन चिन्हांत फरक आहे. एका बाणाने जेसन मिळतं, म्हणून स्ट्रिंग असेल तर तिच्याभोवती दुहेरी अवतरण चिन्हं तशीच राहतात. दोन बाणांनी मोकळा मजकूर मिळतो. एका बाणाने काढलेला रंग व्हारकॅर कॉलमात ठेवला तर कॉलमात अवतरण चिन्हांसकट 'मरून' साठतं आणि साधा 'मरून' शोधला की शून्य ओळी येतात. एरर कुठेच दिसत नाही, म्हणून माणूस तासभर इंडेक्सवर, म्हणजे शोध वेगवान करणाऱ्या सूचीवर, संशय घेत राहतो.

रंगांबद्दल आणखी थोडं. आपल्याकडे ऑर्डर घेणारा मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी यांपैकी काहीही बोलणारा असतो आणि टाइप करताना रंग इंग्रजीत लिहितो, कधी मोठ्या अक्षरात, कधी मागे एक स्पेस सोडून. जनरेटेड कॉलमच्या सूत्रातच लोअर आणि ट्रिम लावले तर हा गोंधळ तिथेच मिटतो, आणि मूळ जेसनमध्ये पार्टीने लिहिलेलं जसंच्या तसं राहतं. वाद झाला तर ते कामी येतं. पण 'मरून' आणि 'मेहरून' हे एकच समजायचं असेल तर ते सूत्रात कोंबू नका. त्याला रंगाच्या शेडचं (छटांचं) मास्टर टेबल हवं आणि जेसनमध्ये शेडचा क्रमांक हवा. सूत्रातल्या 'केस' (असं असेल तर तसं) अटींच्या लांबलचक साखळीने जे होतं ते एकदा होतं. पुढच्या हंगामात नव्या शेड आल्या की कोणी ती साखळी हात लावायला धजत नाही.

आता व्हर्च्युअल की स्टोअर्ड. मायएसक्यूएलमध्ये व्हर्च्युअल कॉलम ओळीत साठत नाही, वाचताना काढला जातो. स्टोअर्ड कॉलम लिहितानाच काढून ओळीत ठेवला जातो. काही न लिहिलं तर व्हर्च्युअल धरलं जातं. इनोडीबीमध्ये (मायएसक्यूएलच्या नेहमीच्या साठवण-इंजिनमध्ये) व्हर्च्युअल कॉलमवर साधा सेकंडरी इंडेक्स करता येतो आणि त्या इंडेक्समध्ये किंमत प्रत्यक्ष साठते. म्हणून जेसनमधून एखादी की काढण्यासाठी व्हर्च्युअल अधिक इंडेक्स ही जोडी जवळजवळ नेहमी पुरते: ओळ फुगत नाही आणि शोधही वेगाने होतो. पण इंडेक्स केल्याशिवाय नुसता व्हर्च्युअल कॉलम जोडला तर शोध काडीचाही वेगवान होत नाही. डेटाबेस पूर्वीइतकीच जेसनं उघडतो, फक्त तुमची क्वेरी दिसायला सुटसुटीत होते. 'जनरेटेड कॉलम लावूनही फरक पडला नाही' अशी तक्रार आली की मी आधी इंडेक्स आहे का ते पाहतो.

स्टोअर्ड कधी लागतो? त्या कॉलमवरून फॉरेन की (दुसऱ्या टेबलाशी जोड) हवी असेल, प्रायमरी की (ओळीची मुख्य ओळख) करायची असेल, किंवा फुलटेक्स्ट (शब्दांचा) इंडेक्स हवा असेल तेव्हा. व्हर्च्युअलवर यातलं काहीच चालत नाही. सूत्र फार जड असेल तेव्हाही. मात्र चालू टेबलाला व्हर्च्युअल कॉलम जोडणं हे केवळ नोंदीचं काम आहे, क्षणात होतं. स्टोअर्ड जोडला की पूर्ण टेबल पुन्हा लिहिलं जातं आणि तेवढा वेळ त्यात नवं काही लिहिता येत नाही. मे महिन्यात, गणवेशाच्या ऑर्डरी शाळा उघडण्याआधी पोचवायच्या धांदलीत, भर दुपारी हे करू नका. व्हर्च्युअल पुढे स्टोअर्ड करू म्हणाल तर मॉडिफाय करून होत नाही. कॉलम काढून नव्याने जोडावा लागतो.

कॉलम जोडणं आणि इंडेक्स करणं या दोन वेगळ्या कमांडी ठेवा आणि इंडेक्सच्या कमांडीला अल्गोरिदम इनप्लेस, लॉक नन असं स्पष्ट लिहा, म्हणजे टेबल कॉपी न करता आणि लिखाण न थांबवता. ते शक्य नसेल तर कमांड एरर देऊन थांबते, गपचूप टेबल कॉपी करायला लागत नाही. व्हर्च्युअल कॉलम क्षणात जोडला जातो याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्या: जुन्या ओळींतल्या किंमती तेव्हा तपासल्या जात नाहीत. 'विथ व्हॅलिडेशन' लिहिलं तर तपासल्या जातात, पण मग टेबल कॉपी होतं. म्हणून आधीची जेसन_टाइपची क्वेरी टाळू नका. ती टाळली तर चुकीच्या ओळी पुढे वाचताना किंवा इंडेक्स करताना डोकं वर काढतात.

इंडेक्स कसा करायचा हे तुमच्या शोधावरून ठरवा. एकट्या रंगाचा इंडेक्स फारसा उपयोगी नाही; मरून माल हजारो ओळींत असतो. लोक माप आणि रंग नेमका सांगतात आणि जीएसएम '४०० ते ५००' असा पट्टा सांगतात. मग इंडेक्स माप, रंग, जीएसएम या क्रमाने करा, पट्ट्याची अट शेवटी. एकाच पार्टीच्या ऑर्डरी बघायच्या असतील तर पार्टीचा क्रमांक सर्वात पुढे. तो साधा कॉलम आहे, आणि साधे व जनरेटेड कॉलम एकाच इंडेक्समध्ये सुखाने राहतात.

कॉलम न जोडता थेट सूत्रावर इंडेक्स करणं ८.०.१३ पासून शक्य आहे. आतून मायएसक्यूएल तिथेही एक लपलेला व्हर्च्युअल कॉलमच करतो. तरीही मी उघडा कॉलम पसंत करतो, आणि त्याला ठोस कारण आहे. दोन बाणांनी निघालेल्या मजकुराचा प्रकार लाँगटेक्स्ट (लांब मजकूर) आणि कोलेशन (अक्षरं जुळवण्याचे नियम) बायनरी असतं. लाँगटेक्स्टवर असा इंडेक्स होत नाही म्हणून आपण कास्ट करून (प्रकार बदलून) कॅर, म्हणजे ठरावीक लांबीचा मजकूर, करतो, आणि कास्टने कोलेशन बदलतं. मग क्वेरीत साधं दोन बाणांचं सूत्र लिहिलं की ते इंडेक्सच्या सूत्राशी जुळत नाही आणि इंडेक्स वापरला जात नाही. कोलेट लिहून ते सोडवता येतं, पण पुढच्या प्रत्येक प्रोग्रॅमरने ते लक्षात ठेवायला हवं. नाव असलेल्या कॉलमला स्वतःचा प्रकार आणि स्वतःचं कोलेशन असतं. क्वेरीत नाव लिहिलं की झालं. अहवाल काढणाऱ्या माणसालाही कॉलम यादीत दिसतो.

क्वेरीत जुनं सूत्रच ठेवलं तर? मायएसक्यूएलचा ऑप्टिमायझर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग), क्वेरीतलं सूत्र जनरेटेड कॉलमच्या सूत्राशी तंतोतंत जुळलं आणि प्रकारही तोच असला, तर बरोबरी, लहान-मोठं, बिट्वीन आणि इन या अटींसाठी स्वतःच इंडेक्स वापरतो. एक्स्प्लेन चालवा. 'की' नावाच्या रकान्यात इंडेक्सचं नाव यायला हवं, 'टाइप'च्या रकान्यात 'ऑल' (सगळं टेबल वाचलं) दिसता कामा नये. त्यानंतर लगेच शो वॉर्निंग्ज चालवलं तर डेटाबेसने क्वेरी कशी फिरवून लिहिली तेही वाचता येतं. पण या जुळण्यावर विसंबू नका, नवी क्वेरी कॉलमच्या नावानेच लिहा.

जनरेटेड कॉलमात स्वतः किंमत लिहायला गेलात तर एरर ३१०५ येतो. तिथे फक्त डिफॉल्ट चालतं. जुन्या टेबलातून सिलेक्ट * (सगळे कॉलम) करून इन्सर्ट करणाऱ्या स्क्रिप्टा यामुळे मोडतात, म्हणून कॉलम जोडण्याआधी त्या शोधून त्यात कॉलमांची नावं लिहून घ्या. सूत्रात नाऊसारखं दर वेळी वेगळं उत्तर देणारं फंक्शन, सबक्वेरी किंवा स्वतः लिहिलेलं स्टोअर्ड फंक्शन चालत नाही. लारावेलमध्ये (पीएचपीचं फ्रेमवर्क) मायग्रेशन लिहिताना व्हर्च्युअलअ‍ॅज आणि स्टोअर्डअ‍ॅज आहेत, जँगोमध्ये (पायथनचं फ्रेमवर्क) ५.० पासून जनरेटेडफील्ड आहे.

एक गोष्ट आत्ताच खात्री करून घ्या: तुमच्या सर्व्हरवर खरंच मायएसक्यूएल आहे ना? झॅम्पमध्ये (स्वतःच्या संगणकावर सर्व्हर चालवण्याचं तयार पॅकेज) 'मायएसक्यूएल' या बटणामागे मारियाडीबी, म्हणजे मायएसक्यूएलमधून निघालेला वेगळा डेटाबेस, असतो, आणि स्वस्त होस्टिंगवरही बहुधा तोच. तिथे जेसन हा वेगळा प्रकार नाही. लाँगटेक्स्टचंच ते दुसरं नाव आहे, सोबत वैधतेची तपासणी. बाणांची चिन्हं तिथे धरून चालू नका, जेसन_व्हॅल्यू लिहा. मराठी मजकुराचा एक फरक मुद्दाम सांगतो. पीएचपीचं जेसन_एन्कोड काही न सांगितल्यास देवनागरी अक्षरं उलट्या तिरप्या रेघेच्या सांकेतिक रूपात लिहितं. मायएसक्यूएल साठवताना ती उलगडून खरी अक्षरं ठेवतो. मारियाडीबीत मजकूर आला तसा राहतो, म्हणून कच्च्या कॉलमवर लाइक लावून 'मरून' शोधलं तर सापडत नाही. एन्कोड करताना जेसन_अनएस्केप्ड_युनिकोड हा पर्याय द्या.

तुम्ही शेवटी विचारलंय की ई-इन्व्हॉइसचं (जीएसटीच्या पोर्टलवर नोंदवायच्या बिलाचं) जेसनही असंच ठेवता येईल का. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींहून जास्त उलाढाल असलेल्यांना व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांमधल्या बिलांसाठी ते बंधनकारक आहे, त्यामुळे टॉवेलवाल्या बऱ्याच कारखान्यांचा हा रोजचा विषय आहे. जनरेटेड कॉलमसाठी यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणं कठीण, कारण त्या जेसनचा आराखडा सरकारने ठरवलेला आहे, तुमच्या हातात नाही, आणि पाठवलेलं जसंच्या तसं ठेवणं गरजेचं आहे. त्यातून मी चार गोष्टी बाहेर काढतो: खरेदीदाराचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), १५ अक्षरांचा, बिलाचा नंबर, जास्तीत जास्त १६ अक्षरांचा, बिलाची तारीख, आणि एकूण रक्कम, डेसिमल १४,२ या प्रकारात. पोर्टलकडून आलेल्या उत्तरातला आयआरएन (त्या बिलाचा पोर्टलवरचा क्रमांक) ६४ अक्षरांचा असतो. त्यावर युनिक इंडेक्स लावला की तेच बिल दोनदा नोंदलं जात नाही.

तारीख इथे काळजीने हाताळा. ई-इन्व्हॉइसमध्ये ती आधी दिवस, मग महिना, मग वर्ष अशी तिरप्या रेघांनी लिहिलेली असते. ती व्हारकॅर म्हणून काढली तर ०५/०४/२०२५ ही १०/०१/२०२५ च्या आधी लागेल आणि आर्थिक वर्षाचा अहवाल चुकेल. सूत्रात एसटीआर_टू_डेट लावून खरा डेट कॉलम करा. मात्र अशा सूत्राचं वागणं एसक्यूएल मोडवर (चुकीच्या किंमतींबाबत डेटाबेस किती कडक ते ठरवणाऱ्या सेटिंगवर) अवलंबून असतं, त्यामुळे अ‍ॅप्लिकेशन, रात्रीची स्क्रिप्ट आणि तुमचा स्वतःचा क्लायंट या तिन्हींचा मोड एकच ठेवा. आणखी एक: जेसन कॉलम कीचा क्रम आणि मोकळ्या जागा जपत नाही. ज्या मजकुराची डिजिटल सही पुढे जुळवून पाहायची आहे तो वेगळ्या टेक्स्ट कॉलममध्ये अक्षरशः तसाच ठेवा.

बिलातल्या मालाची यादी मात्र जनरेटेड कॉलमने सुटत नाही. एका बिलात टॉवेल आणि नॅपकिन एचएसएन (करासाठी मालाच्या वर्गाचा क्रमांक) ६३०२ खाली, ब्लँकेट ६३०१ खाली, अशा अनेक ओळी असतात आणि एका कॉलमात एकच किंमत बसते. पहिल्या ओळीचा एचएसएन काढून काम भागवणारे लोक मी पाहिलेत. ते अहवाल खोटे असतात. ८.०.१७ पासून मायएसक्यूएलमध्ये मल्टिव्हॅल्यूड इंडेक्स (एका ओळीतल्या अनेक किंमतींचा इंडेक्स) आहे, त्यावर मेंबर ऑफची अट लावून 'या यादीत ६३०२ आहे अशी बिलं' पटकन मिळतात. पण एचएसएननुसार बेरीज हवी असेल, आणि जीएसटीच्या कामात ती हवीच असते, तर जेसन_टेबलने यादी उलगडून तिचं वेगळं टेबल करा. ऑर्डरीच्या ओळींसाठी तुम्ही तेच केलं आहे, आणि योग्य केलं आहे.

नवीन काम पोस्टग्रेएसक्यूएलवर करायचा विचार आहे असंही तुम्ही लिहिलंय, म्हणून तिथले फरक सांगतो. जनरेटेड कॉलम तिथे १२ व्या आवृत्तीत, २०१९ मध्ये आले, आणि १७ पर्यंत फक्त स्टोअर्ड होते. १८ मध्ये, २०२५ साली, व्हर्च्युअल आले आणि काही न लिहिलं तर आता तेच धरले जातात. पण त्यांच्यावर इंडेक्स करता येत नाही. म्हणजे मायएसक्यूएलची व्हर्च्युअल अधिक इंडेक्स ही सवय तिथे जशीच्या तशी नेऊ नका. शोधासाठी स्टोअर्ड कॉलम करा, किंवा थेट सूत्रावर इंडेक्स करा. तिथे सूत्रावरचा इंडेक्स हे जुनं, भरवशाचं साधन आहे आणि मी तिथे बऱ्याचदा तेच वापरतो. क्वेरीतलं सूत्र स्टोअर्ड कॉलमशी पोस्टग्रे स्वतः जुळवत नाही. कॉलमचं नाव लिहावंच लागतं. आणि स्टोअर्ड कॉलम जोडताना टेबल पूर्ण लिहिलं जातं, तोवर वाचणंही थांबतं.

तिथला खरा अडथळा तारखेचा आहे. जेसनबीमधून (पोस्टग्रेच्या जेसन प्रकारातून) काढलेला मजकूर डेट प्रकारात बदलू गेलात तर 'सूत्र इम्युटेबल नाही' (म्हणजे त्याच किंमतीला नेहमी तेच उत्तर देत नाही) अशी एरर येते, कारण मजकुरावरून तारीख ओळखणं सर्व्हरच्या सेटिंगवर अवलंबून असतं. टू_डेटही याच कारणाने चालत नाही. इंटरनेटवर सांगतात की आपलं फंक्शन लिहून त्याला इम्युटेबल म्हणा. ते डेटाबेसला खोटं सांगणं आहे. सेटिंग बदललं की साठलेली आणि नव्याने काढलेली तारीख वेगळी पडते. त्याऐवजी स्प्लिट_पार्टने तीन तुकडे करा, ते इंटीजर करा आणि मेक_डेटला द्या. हे खरोखरच इम्युटेबल आहे आणि अडखळत नाही.

पोस्टग्रेमध्ये कॉलम बाहेर काढण्याचा आणखी एक फायदा आहे. जेसनबीच्या आतल्या कीची आकडेवारी प्लॅनरकडे (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाकडे) नसते, म्हणून किती ओळी निघतील याचा त्याचा अंदाज फार चुकतो आणि जॉइनचा क्रम बिघडतो. कॉलम झाला की अ‍ॅनलाइझ त्याचीही आकडेवारी गोळा करतं. शिवाय ओळ साधारण २ किलोबाइटच्या वर गेली की मोठं जेसनबी दाबून बाजूला ठेवलं जातं आणि एक की वाचायलाही ते अख्खं उलगडावं लागतं. स्टोअर्ड कॉलम असला की ती पाळी येत नाही. कोणती की शोधली जाईल ते आधी सांगताच येत नसेल तर जेसनबीवर जिन इंडेक्स (आतल्या सगळ्या कींचा एकत्र इंडेक्स) करा, तो त्यासाठीच आहे.

आता कुठे थांबायचं ते. प्रत्येक इंडेक्स प्रत्येक लिखाणाला वजन लावतो. तुमच्या टेबलात माप, रंग, जीएसएम आणि डिझाइन नंबर एवढे चार पुरे. कॉलरचा प्रकार, लोगोची जागा, पॅकिंगची सूचना यांवरून कोणी शोधत नाही, ते जेसनमध्ये राहू दे. एखादी की दोन नावांनी साठली असेल, जुन्या ओळींत एका स्पेलिंगने आणि नव्यांत दुसऱ्या, तर सूत्रात कोअ‍ॅलेस लावून दोन्ही वाचा, पण ती तात्पुरती सोय माना आणि जुनं जेसन अपडेट करून टाका.

आणि एखादी की प्रत्येक ओळीत असते, तिच्याशिवाय ऑर्डर पूर्णच होत नाही, ती सगळे लिहितात आणि सगळे वाचतात असं दिसलं, तर तिला जेसनमध्ये ठेवून जनरेटेड कॉलमने वाचत बसू नका. तुमच्या टेबलात 'मालाचा प्रकार' ही ती की आहे, असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. ती साधा, नॉट नल कॉलम करा. मायएसक्यूएलमध्ये त्यासाठी सरळ वाट आहे: रात्री काम थांबवून आधी स्टोअर्ड जनरेटेड कॉलम जोडा, किंमती भरल्या गेल्या की मॉडिफाय करून सूत्र काढून टाका, साठलेल्या किंमती तशाच राहतात आणि कॉलम साधा होतो. पोस्टग्रेमध्ये हेच ड्रॉप एक्स्प्रेशनने होतं, १३ व्या आवृत्तीपासून. सूत्र काढण्याआधी अ‍ॅप्लिकेशनची नवी आवृत्ती, जी थेट कॉलमात लिहिते, तयार ठेवा, आणि दोन्ही बदल त्याच रात्री करा. त्यानंतर जेसनमधली ती की काढून टाका, म्हणजे कोणाला जुन्या जागी वाचायचा मोह होणार नाही.